सवलत आणि हक्क : फ्रँकोंच्या एका मंत्र्याचा प्रवास

स्पेन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रथम संत उभे राहतात. संत इग्नेशियस लोयोला, संत फ्रान्सिस झेवियर, आविलाची संत तेरेजा, क्रूसाचे संत योहान. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात इतिहाससंशोधनाची परंपरा रुजवणारे फादर हेन्री हेरास हेही त्याच भूमीचे. त्यामुळे आपल्या लेखी स्पेन हा श्रद्धेचा देश आहे. परंतु याच देशात १९३९ ते १९७५ अशी छत्तीस वर्षे जनरल फ्रान्सिस्को फ्रँको यांची हुकूमशाही नांदली, आणि त्यातील बराच काळ ती ख्रिस्तसभेच्या आशीर्वादाने नांदली, ही गोष्ट आपण सहसा आठवत नाही.

त्या राजवटीतील एक मंत्री हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यांचे नाव होआकीन रुईझ-हिमेनेझ. १९५१ ते १९५६ या काळात ते फ्रँकोंचे शिक्षणमंत्री होते. पुढे तेच त्या राजवटीचे टीकाकार झाले, एका नामांकित नियतकालिकाचे संस्थापक झाले, तुरुंगात डांबलेल्या कामगार पुढाऱ्यांचे वकील झाले आणि लोकशाही आल्यावर नागरिकांची गाऱ्हाणी ऐकणारे स्पेनचे पहिले लोकरक्षक झाले. २७ ऑगस्ट २००९ रोजी ते वारले, तेव्हा त्यांचे वय ९६ वर्षांचे होते.

अशा माणसाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक रीत चाहत्यांची. त्यांच्या मते हा सज्जन पहिल्यापासून मनाने लोकशाहीवादीच होता, केवळ परिस्थितीने हुकूमशहाच्या दारी गेला. दुसरी रीत संशयवाद्यांची. त्यांच्या मते वारा फिरला तशी या गृहस्थाने पाठ फिरवली. मला या दोन्ही रीती अपुऱ्या वाटतात. दोन्हींत माणसाच्या अंतःकरणाचा झाडा घेतला जातो, आणि तो घेण्याचा अधिकार परमेश्वराचा आहे. समीक्षकाने पाहावे ते कृतींकडे. रुईझ-हिमेनेझ यांच्या कृती क्रमाने मांडल्या की एक सूत्र हाती लागते. सवलती मिळवून देणारा एक भला अधिकारी हक्क मानणारा माणूस कसा झाला, याची ती हकीकत आहे. सवलत वरून खाली येते. ती देणाऱ्याच्या मर्जीने येते आणि मर्जी फिरली की परत जाते. हक्क मात्र माणसाबरोबर जन्माला येतो. राज्यसत्तेने तो फक्त ओळखायचा असतो. हा फरक कळायला या विद्वान, श्रद्धावान कायदेपंडिताला अर्धे आयुष्य लागले. का लागले, हा खरा प्रश्न आहे.

घडण

रुईझ-हिमेनेझ यांचा जन्म २ ऑगस्ट १९१३ चा. वडील राजेशाहीच्या काळातील उदारमतवादी मंत्री आणि अनेकदा माद्रिदचे महापौर. घरात कायदा, राजकारण आणि धर्म यांचे वातावरण. जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. प्रजासत्ताकाच्या प्रदेशात चर्चे जाळली गेली. सुमारे सात हजार धर्मगुरू, व्रतस्थ आणि धर्मभगिनी यांना ठार मारण्यात आले. त्या दिवसांत माद्रिदमध्ये या तेवीस वर्षांच्या कॅथलिक तरुणाला अटक झाली. सुटका झाल्यावर तो फ्रँकोंच्या प्रदेशात पोहोचला आणि त्यांच्या सैन्यात लढला.

हे विसरून पुढचे काहीच नीट समजणार नाही. ज्याने आपल्या ओळखीचे धर्मगुरू मारले जाताना पाहिले, त्याला फ्रँकोंचा विजय म्हणजे ख्रिस्तसभेची सुटका वाटावी, यात नवल नाही. १ जुलै १९३७ रोजी स्पेनच्या बिशपांनी जगभरच्या बिशपांना सामुदायिक पत्र लिहून हीच भूमिका मांडली होती. पण त्या भूमिकेत एक मोठी पोकळी होती. फ्रँकोंच्या बाजूनेही हजारो लोकांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. बास्क प्रांतातील काही धर्मगुरूही त्यात बळी पडले होते. एका बाजूच्या रक्ताची मोजदाद झाली, दुसऱ्या बाजूचे रक्त मातीत मुरले. रुईझ-हिमेनेझ यांच्या पिढीतील कॅथलिकांनी ही पोकळी बराच काळ पाहिली नाही, आणि त्यांनीही ती पाहिली नाही.

१९३९ मध्ये ते कॅथलिक विद्यार्थ्यांच्या ‘पाक्स रोमाना’ या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर राहिले. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हिटलर आणि मुसोलिनी यांच्या मदतीने सत्तेवर आलेले फ्रँको जगात एकटे पडले होते. त्यांना आता सभ्य चेहऱ्यांची गरज होती. कॅथलिक चळवळीतील सुशिक्षित माणसांइतके सभ्य चेहरे दुसरे कोणते? १९४५ मध्ये कॅथलिक चळवळीतलेच आल्बेर्तो मार्तीन आर्ताहो परराष्ट्रमंत्री झाले. १९४८ मध्ये रुईझ-हिमेनेझ परमपीठाकडे स्पेनचे राजदूत म्हणून रोमला गेले.

रोम आणि करार

रोममधील त्यांच्या कारकिर्दीत स्पेन आणि परमपीठ यांच्यातील कराराची बोलणी मार्गी लागली. करारावर सह्या झाल्या त्या २७ ऑगस्ट १९५३ रोजी, म्हणजे ते राजदूतपद सोडून मंत्री झाल्यानंतर. परंतु त्या इमारतीच्या पायाचे दगड ज्यांनी रचले, त्यांत ते होते. या कराराने कॅथलिक धर्म हाच स्पॅनिश राष्ट्राचा एकमेव धर्म असल्याचे पुन्हा मान्य झाले. सर्व शाळांतून कॅथलिक धर्मशिक्षण सक्तीचे झाले. धर्मगुरूंवर खटला भरण्यासाठी बिशपांची संमती आवश्यक ठरली. त्याच्या बदल्यात बिशपांच्या नेमणुकीत राज्यप्रमुखाचा, म्हणजे फ्रँकोंचा, जो अधिकार आधीपासून चालत आला होता तो कायम राहिला. त्याच वर्षाच्या अखेरीस पोप बारावे पायस यांनी फ्रँकोंना ख्रिस्ताच्या सर्वोच्च पदकाने गौरविले.

त्या काळच्या कॅथलिकांना हा मोठा विजय वाटला. आज आपण तो वाचतो तेव्हा दोन गोष्टी खटकतात. पहिली गोष्ट, स्पेनमधील मूठभर प्रोटेस्टंट बांधवांची. त्यांना आपल्या चार भिंतींच्या आत उपासना करता येई, पण उघड्यावर नाही. त्यांचे प्रार्थनागृह बाहेरून प्रार्थनागृह दिसता कामा नये. ही सवलत होती. तिला हक्क म्हणता येणार नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबून आपल्या स्वतःच्या स्थितीचा विचार करावा. भारतात आपण अल्पसंख्य आहोत. आपल्या धर्मग्रामांच्या शाळा चालतात त्या कोणा सत्ताधाऱ्याच्या कृपेवर चालत नाहीत. त्यांना राज्यघटनेच्या ३० व्या कलमाचा आधार आहे. तो आधार आपल्याला किती मोलाचा वाटतो! मग जेथे आपण बहुसंख्य होतो, तेथे आपण दुसऱ्या अल्पसंख्यांना काय दिले, हा प्रश्न आपण टाळू शकत नाही. रुईझ-हिमेनेझ यांची कारकीर्द आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती याचसाठी.

दुसरी गोष्ट अधिक विलक्षण आहे. करारानुसार शिक्षा झालेल्या धर्मगुरूला इतर कैद्यांपासून वेगळे ठेवायचे होते. पंधरा वर्षांनी, १९६८ मध्ये, फ्रँको सरकारने याच तरतुदीचा आधार घेऊन सामोरा शहरातील तुरुंगात धर्मगुरूंसाठी खास विभाग उघडला. तेथे मुख्यतः बास्क धर्मगुरू डांबले गेले. धर्मगुरूंचा मान राखण्यासाठी मागितलेली सवलत धर्मगुरूंच्याच कोठडीचा दरवाजा झाली. सवलतीचा स्वभावच असा असतो. तिचा अर्थ लावण्याचा अधिकार देणाऱ्याकडे राहतो.

मंत्रिपद

जुलै १९५१ मध्ये रुईझ-हिमेनेझ शिक्षणमंत्री झाले. त्यांच्याआधी बारा वर्षे होसे इबान्येझ मार्तीन यांनी हे खाते सांभाळले होते. युद्धानंतर ‘शुद्धीकरणा’च्या नावाखाली शाळा-विद्यापीठांतून हजारो शिक्षकांना घरी पाठवण्यात आले होते, कित्येक प्राध्यापक परदेशी परागंदा झाले होते. नव्या मंत्र्याने या कोंदट घराची खिडकी उघडण्याचा मनापासून प्रयत्न केला, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी माद्रिद विद्यापीठाच्या कुलगुरुपदी पेद्रो लाईन एन्त्राल्गो यांना आणि सालामांका विद्यापीठाच्या कुलगुरुपदी अंतोनियो तोवार यांना नेमले. दोघेही फालान्हे या सत्ताधारी संघटनेतून आलेले, पण पराभूत पक्षाच्या विद्वत्तेलाही देशात जागा हवी असे मानू लागलेले. फेब्रुवारी १९५३ मध्ये माध्यमिक शिक्षणाचा नवा कायदा आला. धर्मसंस्थांच्या शाळांची सरकारने किती तपासणी करावी, यावरून या धर्मनिष्ठ मंत्र्याचा काही धर्माधिकाऱ्यांशीच खटका उडाला.

दोन उदाहरणे पाहू. विश्वकिरणांचे अभ्यासक आर्तुरो दुपेरिये युद्धामुळे देश सोडून इंग्लंडला गेले होते. १९५३ मध्ये ते मायदेशी परतले. लंडनच्या इंपीरियल कॉलेजने त्यांना त्यांची उपकरणे भेट म्हणून दिली होती. ती उपकरणे स्पेनच्या बंदरात पोहोचली आणि जकातीत अडकून पडली. एका खात्याने शास्त्रज्ञाला बोलावले, दुसऱ्या खात्याने त्याची यंत्रे रोखली. १९५९ मध्ये दुपेरिये निवर्तले, तोवर ती त्यांना वापरायला मिळाली नव्हती.

दुसरे उदाहरण साहित्याचे आहे. मिगेल दे उनामुनो हे सालामांकाचे जुने कुलगुरू आणि स्पॅनिश भाषेतील एक थोर लेखक. ऑक्टोबर १९३६ मध्ये त्यांनी भर समारंभात फ्रँकोंच्या सेनाधिकाऱ्यांसमोर विरोधाचा स्वर काढला, पदावरून दूर केले गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी वारले. १९५३ मध्ये सालामांका विद्यापीठाचा सातशेवा वर्धापनोत्सव सुरू झाला, त्या सुमारास उनामुनो राहत असलेल्या घराचे स्मृतिसंग्रहालय करण्यात आले. लगेच कनारी बेटांचे बिशप पिल्दाईन यांनी पत्रक काढून उनामुनो यांना महापाखंडी ठरविले. १९५७ मध्ये उनामुनो यांची दोन पुस्तके रोमच्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत गेली. श्रद्धा आणि शंका यांच्या झुंजीत आयुष्य काढलेल्या या लेखकाचे स्मारक उघडणे हे धैर्याचे काम होते. पण त्याच विद्यापीठाने मे १९५४ मध्ये फ्रँको यांना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. ज्या प्रांगणात उनामुनो यांना गप्प केले, तेथेच त्यांना गप्प करणाऱ्या सत्तेला झगा चढवला गेला. मंत्र्याला उनामुनो यांच्यासाठी जागा हवी होती, तर तिची किंमत अशी मोजावी लागत होती.

या दोन्ही उदाहरणांत मंत्र्याचा हेतू चांगला आहे. कमतरता आहे ती साधनात. बोलावलेला शास्त्रज्ञ हक्काने आला नव्हता, मंत्र्याच्या शब्दावर आला होता. उनामुनो यांचे घर स्वातंत्र्याच्या तत्त्वाने उघडले नाही, सणानिमित्त उघडले. आणि ‘शुद्धीकरणा’त नोकरी गमावलेल्या हजारो साध्या शाळामास्तरांना तर सरसकट न्याय मिळाला नाही. नावाजलेल्यांना खिडकी मिळाली. ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते ते बाहेरच राहिले.

फेब्रुवारी १९५६

खिडकी थोडी उघडली की आतल्या लोकांना बाहेरचा वारा लागतो. १९५५ मध्ये कुलगुरू लाईन यांनी विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीविषयी एक अहवाल लिहून तरुण पिढी राजवटीपासून दूर चालली असल्याचा इशारा दिला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी तत्त्वचिंतक ओर्तेगा इ गासेत वारले. विद्यार्थ्यांनी त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलीत शोकापेक्षा निषेधाचा सूर मोठा होता.

१ फेब्रुवारी १९५६ रोजी माद्रिदच्या विद्यार्थ्यांनी सरकारी विद्यार्थिसंघाऐवजी मोकळेपणाने निवडलेल्या प्रतिनिधींची राष्ट्रीय परिषद भरवावी, असे मागणीपत्रक काढले. काही दिवसांतच फालान्हेचे तरुण आणि हे विद्यार्थी यांच्यात हाणामाऱ्या झाल्या. ९ फेब्रुवारीला रस्त्यावरील चकमकीत फालान्हेच्या एका विद्यार्थ्याच्या डोक्याला गोळी लागली. तो वाचला, पण सूडाच्या भाषेने शहर थरारले. विद्यापीठ बंद झाले. कवी दिओनिसिओ रिद्रुएहो यांच्यासह अनेकांना अटक झाली. अटक झालेल्यांत विजयी पक्षाच्या घराण्यांतली मुले होती, हे विशेष.

सरकारने मग काय केले? १९४५ मध्ये फ्रँको यांनी ‘स्पॅनिश जनांचा अधिकारपट’ नावाचा एक कायदा जाहीर केला होता. त्याच्या १४ व्या कलमाने कोठेही राहण्याचे स्वातंत्र्य दिले होते, आणि १८ व्या कलमाने बहात्तर तासांहून अधिक काळ न्यायाधीशासमोर न नेता कोणालाही अटकेत ठेवू नये असे म्हटले होते. ही दोन्ही कलमे तीन महिन्यांसाठी स्थगित झाली. अधिकारपट म्हणवणारा तो कागदही अखेर सवलतीचाच कागद होता, हे एका फटक्यात सिद्ध झाले.

फेब्रुवारीच्या मध्यावर रुईझ-हिमेनेझ यांना मंत्रिपदावरून दूर करण्यात आले. त्यांच्याबरोबरच फालान्हेचे मंत्री रायमुंदो फर्नांदेझ कुएस्ता यांनाही काढले. दोन्ही बाजूंना सारखीच शिक्षा दिल्याचा तो देखावा होता. लाईन यांनी कुलगुरुपद सोडले.

येथे समीक्षकाला एक कठोर गोष्ट नोंदवावी लागते. रुईझ-हिमेनेझ यांनी राजीनामा दिला नव्हता. त्यांना काढले गेले. त्यानंतरही काही वर्षे ते फ्रँकोंच्या नामधारी संसदेत बसत राहिले. आतून सुधारणा होईल, ही त्यांची आशा सहजासहजी मेली नाही. तिला ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल; पण त्या आशेमुळे हुकूमशाहीला आणखी काही काळ एक प्रतिष्ठित नाव वापरता आले, हेही खोटे नाही.

परिषद आणि नियतकालिक

मंत्रिपद गेल्यावर ते पुन्हा प्राध्यापक झाले. आधी सालामांकात, मग १९६० पासून माद्रिदमध्ये. विषय होता कायद्याचे तत्त्वज्ञान. विद्यार्थ्यांसमोर नैसर्गिक न्यायाची शिकवण उलगडताना आपण चालवलेले कायदे त्या न्यायाला कितपत धरून होते, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला नसेल, असे मानणे कठीण आहे. पण निर्णायक धक्का रोमहून आला.

११ एप्रिल १९६३ रोजी पोप तेविसावे जॉन यांचे ‘पाचेम इन तेर्रिस’ हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. मानवी हक्कांची सविस्तर यादी एखाद्या पोप महोदयांनी मांडावी आणि त्या हक्कांचे मूळ माणसाच्या प्रतिष्ठेत आहे असे सांगावे, ही मोठी घटना होती. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, २० एप्रिलला, फ्रँको सरकारने कम्युनिस्ट पुढारी हुलियान ग्रिमाउ यांना यादवी युद्धातील जुन्या आरोपांवरून गोळ्या घातल्या. जगभरातून दयेच्या याचना आल्या होत्या. त्या फेटाळल्या गेल्या. एका बाजूला पोपचे पत्र, दुसऱ्या बाजूला स्वतःला कॅथलिक म्हणवणाऱ्या राज्याच्या बंदुका. दोहोंच्या मध्ये उभे राहायला आता जागा उरली नव्हती.

ऑक्टोबर १९६३ मध्ये रुईझ-हिमेनेझ यांनी ‘क्वादेर्नोस पारा एल दियालोगो’ हे मासिक सुरू केले. नावाचा अर्थ ‘संवादासाठी वह्या’. पोप सहावे पॉल यांनी संवाद या कल्पनेला वाहिलेले आपले ‘एक्लेसियाम सुआम’ हे परिपत्रक ऑगस्ट १९६४ मध्ये काढले, त्याच्या दहा महिने आधी हा शब्द एका स्पॅनिश मासिकाच्या मुखपृष्ठावर आला होता. त्याच १९६४ साली पोप महोदयांनी रुईझ-हिमेनेझ यांना दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत प्रापंचिक श्रोते म्हणून बोलावले. ज्या परिषदेमुळे आपल्या धर्मग्रामांत मिस्सा मराठीत होऊ लागली, त्याच परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केले की धर्मस्वातंत्र्य हा प्रत्येक मानवाचा हक्क आहे. ज्यांनी १९५३ च्या कराराची पायाभरणी केली होती, त्यांनी आता आपल्याच ख्रिस्तसभेला त्या कराराच्या पलीकडे जाताना पाहिले. स्पेनलाही १९६७ मध्ये धर्मस्वातंत्र्याचा कायदा करणे भाग पडले.

या मासिकाचे साहित्यिक मूल्यमापन करायचे तर त्याच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. त्याची भाषा प्राध्यापक आणि वकील यांची भाषा होती. शेतमजुराने किंवा गिरणीकामगाराने ते हाती घेऊन वाचावे, असे त्याचे रूप नव्हते. काही लेख आज शाळेच्या गद्यासारखे रुक्ष वाटतात. सेन्सॉरच्या कात्रीतून सुटण्यासाठी थेट बोलायचे ते आडून बोलावे लागे, आणि आडून बोलण्याची सवय लागली की वाक्य लांबते. १९६६ च्या छापखानाविषयक कायद्याने आगाऊ सेन्सॉरशिप उठवली, तरी जप्तीची टांगती तलवार राहिलीच. मासिकाच्याच प्रकाशनगृहाने १९६६ मध्ये काढलेले एलियास दियास यांचे कायद्याचे राज्य आणि लोकशाही समाज यांविषयीचे पुस्तक सरकारने जप्त केले.

तरीही या मासिकाने जे केले, ते त्या काळी दुसऱ्या कोणाला साधले नाही. ख्रिस्ती लोकशाहीवादी, समाजवादी आणि मार्क्सवादी यांनी एकाच अंकात शेजारीशेजारी लिहावे, अशी जागा त्याने निर्माण केली. १९३६ मध्ये ज्यांचे वाडवडील एकमेकांवर बंदुका रोखून उभे होते, त्यांची मुले येथे परस्परांचे लेख वाचत होती. मासिकाच्या वर्तुळातील तरुण कायदेपंडित ग्रेगोरिओ पेसेस-बार्बा पुढे १९७८ च्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या सातजणांत होते. मासिकाने आपल्या संस्थापकाच्या मतांचे अनुयायी तयार केले नाहीत. त्यातील अनेक तरुण समाजवादी पक्षात गेले. रुईझ-हिमेनेझ ख्रिस्ती लोकशाहीवादीच राहिले. आपल्या छपराखाली वाढलेल्यांना आपल्याहून वेगळे होऊ देणे, हीच संपादकाची खरी परीक्षा असते, आणि तीत ते उत्तीर्ण झाले. मंत्री असताना त्यांनी विरोधकाला खुर्ची दिली होती. संपादक असताना त्यांनी त्याचे बोलणे ऐकून घेतले. पहिल्यात उपकार आहे, दुसऱ्यात बरोबरी.

न्यायालय आणि पराभव

२४ जून १९७२ रोजी माद्रिदजवळील पोसुएलो दे आलार्कोन येथे ओब्लेट संघाच्या धर्मगृहात बेकायदा ठरवलेल्या कामगार संघटनेचे पुढारी जमले असता पोलिसांनी त्यांना पकडले. दहा जणांवर खटला भरला गेला. त्यांत संघटनेचे नेते मार्सेलिनो कामाचो होते, तसेच फ्रान्सिस्को गार्सिया साल्वे हे कामगार-धर्मगुरूही होते. बचाव पक्षाच्या वकिलांत एक नाव होते रुईझ-हिमेनेझ. २० डिसेंबर १९७३ रोजी खटला उभा राहिला आणि त्याच सकाळी पंतप्रधान कारेरो ब्लांको यांना बास्क अतिरेक्यांनी बॉम्बस्फोटात ठार केले. उजव्या गटांचा संताप वकिलांवर आणि धर्माधिकाऱ्यांवरही उसळला. पंतप्रधानांच्या अंत्यविधीच्या वेळी माद्रिदचे कार्डिनल तारांकोन यांनाच गोळ्या घालण्याच्या घोषणा झाल्या. कामाचो यांना वीस वर्षांची शिक्षा झाली. १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सहा वर्षांवर आणली.

ख्रिस्तसभाही आता बदलली होती. सप्टेंबर १९७१ मध्ये बिशप आणि धर्मगुरू यांच्या संयुक्त सभेत यादवी युद्धाच्या वेळी आपण समेटाचे खरे सेवक झालो नाही, याबद्दल क्षमा मागणारा ठराव आला. त्याला बहुमत मिळाले, पण आवश्यक ते दोन-तृतीयांश मिळाले नाही. तरीही ती पोकळी अखेर उघडपणे बोलली गेली होती.

नोव्हेंबर १९७५ मध्ये फ्रँको वारले. १५ जून १९७७ रोजी एकेचाळीस वर्षांनंतरची पहिली मुक्त निवडणूक झाली. ख्रिस्ती लोकशाहीवाद्यांच्या ज्या आघाडीतून रुईझ-हिमेनेझ उभे होते, तिचा दारुण पराभव झाला, तेही पडले. बिशपांनी कोणत्याही पक्षाला आशीर्वाद दिला नव्हता. एका अर्थी तो त्यांच्याच शिकवणुकीचा विजय होता, कारण कॅथलिक मतदाराला आता स्वतःच्या विवेकाने मत देण्याची मुभा होती आणि त्याने ती वापरली. ऑक्टोबर १९७८ मध्ये मासिकही बंद पडले. जे हक्क मागण्यासाठी ते निघाले होते, ते त्याच वर्षीच्या राज्यघटनेत लिहिले गेले.

लोकरक्षक

त्या राज्यघटनेच्या ५४ व्या कलमाने लोकरक्षकाचे पद निर्माण केले. आपल्याकडील लोकायुक्तांच्या कामाशी त्याचे काहीसे साम्य आहे. या पदासाठी संसदेच्या तीन-पंचमांश सदस्यांचा पाठिंबा लागतो. डिसेंबर १९८२ मध्ये संसदेने या पदावर पहिली निवड केली ती फ्रँकोंच्या या माजी मंत्र्याची.

या कारकिर्दीतील एकच कृती मी येथे सांगतो, कारण तीत साऱ्या आयुष्याचे सार आले आहे. १९८५ मध्ये स्पेनने परदेशी नागरिकांविषयीचा कायदा केला. त्यात परकीयांना सभा घेण्यासाठी आगाऊ परवानगीची अट घातली होती आणि त्यांच्या संघटनांवर सरकारला वचक दिला होता. स्पेनमध्ये मोलमजुरीसाठी आलेल्या या परक्यांना मत नव्हते, आवाज नव्हता. लोकरक्षकांनी या कायद्याविरुद्ध घटनात्मक न्यायालयात धाव घेतली. १९८७ मध्ये न्यायालयाने त्यातील काही तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. १९५६ मध्ये विद्यार्थ्यांनी मोकळेपणाने जमू देण्याची मागणी केली, तेव्हा मंत्री असलेल्या रुईझ-हिमेनेझ यांच्या हाती त्यांना देण्यासाठी सदिच्छेपलीकडे काही नव्हते. एकतीस वर्षांनी त्यांनी परक्या मजुरांसाठी जे मिळवले, ते परत घेण्याचा अधिकार कोणत्याही मंत्र्याला राहिला नाही.

पवित्र शास्त्रातील निकदेम आपल्या परिचयाचा आहे. तो धर्मसभेचा सन्मान्य सभासद. प्रभूकडे आला तो रात्री. सभेत एकदा त्याने न्यायाच्या रीतीचा प्रश्न विचारला, पण दटावले जाताच गप्प झाला. अखेरीस, शिष्य पांगले असताना, तो दिवसाढवळ्या सुगंधी द्रव्ये घेऊन प्रभूच्या देहापाशी आला. शुभवर्तमानकार योहानाने त्याचे रात्री येणे लपवले नाही आणि शेवटचे येणेही विसरले नाही. रुईझ-हिमेनेझ यांच्या चरित्राला हाच न्याय लावावा. त्यांचा १९५३ चा करार, त्यांचा न दिलेला राजीनामा, नावनिशी नसलेल्या शिक्षकांचे राहून गेलेले प्रश्न हे सारे नोंदीत राहिले पाहिजे. आणि पन्नाशी गाठताना, मानसन्मानाने निवृत्त होता आले असते अशा वेळी, त्यांनी आपल्याच पूर्वायुष्याविरुद्ध काम सुरू केले, हेही.

योगायोग असा की ते ज्या दिवशी वारले तो २७ ऑगस्ट हाच त्या जुन्या कराराचा दिवस होता. त्या कराराची महत्त्वाची कलमे तोवर केव्हाच रद्द झाली होती. जानेवारी १९७९ मधील नव्या करारांनी त्यांची जागा घेतली होती. स्पेनला आता राज्यधर्म नाही, आणि तेथील प्रोटेस्टंट प्रार्थनागृहांना दारावर पाटी लावता येते. आपल्या धर्मग्रामांच्या सभांत, शाळांच्या समित्यांत, घरी कामाला येणाऱ्या बाईच्या बाबतीत आपण जे देतो, ते उपकार म्हणून देतो की तिचे होते म्हणून देतो, हा प्रश्न मात्र स्पेनपुरता नाही.